चौथा कोपरा

उरेब काप, पंचफुलाबाई म्हणाली होती,
सरळ पट्टी वळणावर रुसते.

उमरखेडच्या बाजारातलं हिरवं पॉपलीन.
तीन कोपरे मी दुमडले
पळसाच्या द्रोणासारखे,
काडी टोचावी तशी टाचणी.
चौथा फुगला. उसवला. पुन्हा फुगला.
गोटाची चाळणी झाली सुईनं.

पुसदची विहीण
दुपटं आधी उलटं करून पाहील,
मागचे टाके मोजील.

लाइन गेली.
मशीन पायाचं, पण डोळे?
पंचफुलाबाईनं अंधारातच
काठावरून बोट फिरवलं,
जाड घडीशी थांबली.
"राहू दे वं.
लेकरू काई टाके मोजत नाई.
हाच कोपरा पह्यले तोंडात घालीन थे."

मी दोरा दातानं तोडला.