रकाना सात

मुदत मध्यरात्रीची आहे, पण मध्यरात्र त्यांची.
दांडिया बाजारात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजतील
आणि नळाला पाणी येईल.

रकाना दोन: प्रकल्प काय करतो.
नावं अकारविल्हे लावतो, एवढंच.
क्षीरसागर क-मध्ये जातात की सगळ्यांच्या शेवटी,
ऱ्हस्व आधी की दीर्घ, ऑगस्टिन कुठे बसवायचा.

रकाना तीन: कोण वापरतं.
चार ग्रंथालयं, एक पतपेढी, धुळ्याची रक्तपेढी.
आणि तुम्हाला माहीत नसलेले किती?
‘अंदाजे’ लिहून मी बराच वेळ थांबले.

कोड केयूरचा. नऊ वर्षांपूर्वी
फतेहगंजच्या खोलीत लिहिलेला.
आता तो हॅलिफॅक्सला बर्फ उपसतो,
विचारलं तर म्हणतो, चालतंय ना? मग हात नको लावूस.
चारशे बाराव्या ओळीवर त्याची एकुलती टीप:
इथे उलटं आहे. का, ते नंतर लिहितो.

रकाना सात: हे काम न झाल्यास काय होईल?
पाचशे अक्षरांत.
काही नाही. चालत राहील.
मग एक दिवस चालणार नाही.
हे खोडलं. फारच थोडं वाटलं.

बाबांचं लिहायला घेतलं.
नरहर पायगुडे, वॉल्व्हमन, बत्तीस वर्षं,
सायकलच्या दांडीला बांधलेली लोखंडी चावी,
रावपुरा, मांडवी, वाडी.
कुठलं झाकण डांबराखाली गेलंय,
कुठला वॉल्व्ह अकरा आटे, कुठला साडेनऊ,
आणि चांपानेर दरवाज्यापाशी तो एक,
जो उघडायचा तर बंद करावा लागतो.
शुक्रवारी निवृत्त झाले. नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ.
सोमवारी वाडीला पाणी नाही.
मंगळवारी नव्या पोराने जोर लावला, आटे घसरले.
बुधवारी जीप दाराशी: पायगुडेकाका, चालो ने.
बाबा गंजीवरच गेले.

यंत्राने मोजलं: सहाशे चौदा.
त्याच्या हिशेबात क्ष म्हणजे तीन अक्षरं,
काना एक, वेलांटी एक,
पाय मोडला की त्याचंही एक.
शाल काढली. घड्याळ काढलं. शुक्रवार काढला.
गंजी काढली,
मग परत घातली.

रकाना नऊ: खर्च.
एक माणूस, सहा महिने, लिहिणे.
समोर आकडा टाकला
आणि आजूबाजूला कोणी बघत नाही ना, ते पाहिलं.

पाचला बाबा उठले, सवयीने,
नळाखाली बादली लावून बसले.
कितीचं टेंडर?
सांगितलं.
नुसतं लिहायचे?
नुसतं लिहायचे.
नळ कोरडाच फुसफुसला.
मी त्या झाकणावर चुन्याने बाण काढायचो, म्हणाले,
उलटा बाण. पावसाळ्यात जायचा, पुन्हा काढायचो.
चुना माझ्या डबीतला.

पण नीट कुणाला सांगितलं का नाहीत?
विचारलं नाही कोणी.
पाणी आलं, आधी तांबूस.
ते हात धरून ते निवळायची वाट बघत होते.
विचारलं असतं तरी, म्हणाले,
सांगितलं नसतं बहुतेक.
बाकीचे सगळे कार्पोरेशनचे होते.
तो एक माझा होता.

हे कुठल्याच रकान्यात बसत नाही.
केयूरचंही असंच असेल का, हे मनात आलं,
आणि माझंही, कारण चारशे बारावी ओळ
मला दोन वर्षांपूर्वीच कळली आहे
आणि मी ती अजून कुठे लिहिलेली नाही.

पाच सत्तावीस.
रकाना सातमध्ये पहिलीच दोन वाक्यं परत आणली,
खाली बाबांचा वॉल्व्ह, जेवढा मावला तेवढा.
पाठवा दाबलं.
पडद्यावर चाक फिरू लागलं, डावीकडून उजवीकडे.
बाबांनी भरलेली बादली सरकवली
आणि दुसरी लावली.