नऊ वाजून सात मिनिटांचा भाव

वसमतच्या मोंढ्यात हळदीची हर्राशी चालू
आणि माझा डिजिटल फळा सकाळपासून
एकच आकडा धरून बसलेला:
कांडी, बारा हजार चारशे.

फोन आला तशी नांदेडहून दहाच्या गाडीनं आले.
आधी कॅशेवर आळ घेतला, ती पुसली.
मग ब्राउझरवर. मग तारेवर,
जी उंदरानं कुरतडली म्हणून
वॉचमन आईची शपथ घेत होता.
फळा: बारा हजार चारशे.
टेबलात स्वतः डोकावले तर तेरा हजार शंभर,
लख्ख, कमिट झालेलं, केव्हाचंच.

मापाडी सटवाजी पोत्यावर बसून बघत होते.
"बाई, तुमचं मशीन खोटं बोलायलंय."
खोटं नव्हतं, तेच तर अवघड होतं.
नऊ सातला फळ्यानं ट्रान्झॅक्शन उघडलं,
एकदा डोळे भरून बाजार पाहिला
आणि मिटायचं विसरला.
तेव्हापासून दर पाच सेकंदांनी तो विचारतोय
आणि डेटाबेस इमानानं
त्याची त्यालाच सकाळ परत देतोय.
बाहेर काहीही होवो,
तुझ्या पानावरची शाई हलणार नाही,
असा शब्द दिलेला.

तो शब्द मीच मागून घेतला होता, दिवाळीनंतर,
वार्षिक अहवालासाठी,
बेरीज चालू असताना आकडे फिरू नयेत म्हणून.
चांगली गोष्ट होती.
तीच इथं चिकटवली, न वाचता.

सटवाजींना सगळं समजावलं.
ते म्हणाले, "म्हंजी पाटी पुसली नाही."
मला चाळीस मिनिटं लागली होती.

तेवढ्यात मुंजाजीचा फोन.
निघताना चहावरून भांडलो होतो,
मी तेव्हाच्याच आवाजात म्हटलं, "काय आहे?"
तिकडं मधल्या वेळात बरंच काही कमिट झालं असावं.
तो विचारत होता,
ओली हळद मिळंल का तिथं, लोणच्याला,
पावशेर.

एक ओळ लिहिली:
दर वाचनानंतर मूठ सोड.
फळा जरा काळा पडला
आणि तीन तास एका उडीत ओलांडून
तेरा हजार पन्नासवर उभा राहिला.

कुणी मान वर केली नाही.
अडते, हमाल, खरेदीदार, सगळे
सटवाजींच्या मागच्या खांबाकडं बघत होते.
तिथं खडूनं लिहिलेलं होतं, तेरा हजार पन्नास,
आणि त्याच्याखाली
तळहातानं पुसलेला आधीचा भाव,
अजून थोडा वाचता येत होता.