लाल शाई

मी पोस्टात लागले त्या साली
करंजओढ्यात अकरा म्हातारे होते,
इटलीच्या लढाईतून माघारी आलेले.
सैनिक बोर्डाची मनिऑर्डर आली की
पायरीवर येऊन बसायचे, कुणी टोपीत, कुणी मुंडाशात,
आणि मधोमध जर्मनची किटली.
जर्मनाशी लढलो अन् च्या बी जर्मनातच,
असं दर महिन्याला कुणीतरी म्हणायचं
आणि दर महिन्याला सगळे हसायचे.

लढाई कुणी सांगितली नाही.
हैबती घोरपडे म्हणायचा, चिखुल लई व्हता.
सटवा कांबळे म्हणायचा, आन् बर्फ.
दस्तगीर मुलाणी नोटा मोजायचा, परत मोजायचा,
एक माझ्यापुढं सरकवायचा: बाई, जास्ती आलीया.
कधीच जास्ती आलेली नसायची.

सेहेचाळीसची गोष्ट मला हैबतीच्या सुनेनं सांगितली,
तेव्हा ती थोडी वाढवलेली असणार.
सटवाची आई विहिरीशी लांब उभी, घागर रिकामी,
कुणीतरी वरून ओतेल म्हणून.
हैबतीनं पोहऱ्याचा दोर सटवाच्या हातात दिला.
पाटील धावत आले, मागं निम्मं गाव.
हैबती म्हणाला,
तिथं नदीकाठी ह्याच्या बाटलीतलं पाणी प्यालो,
मुताच्या रंगाचं. म्हणून हितं उभाय.
आता कोण बाटवतंय मला, फुडं या.
कुणी पुढं आलं नाही.

गाव काही शहाणं झालं नव्हतं.
गाव भ्यालं होतं.
अकरा माणसं, त्यांनी माणसं मारलेली,
आणि त्यांच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं.
पुढं त्या भ्यायची सवय झाली,
आणि सवयीला आम्ही शाळेत, पंधरा ऑगस्टला,
गावची परंपरा म्हणायला लागलो.
मीही म्हटलंय, माईकवर.

मग एकेक मनिऑर्डर परत जायला लागली.
शेरा मीच मारायचे: मयत. लाल शाईनं.
सटवा गेला त्या वर्षी नळ आला, विहिरीवर जाळी बसली.
हैबती गेला आणि वरच्या आळीनं वेगळी टाकी मागितली.
भांडण नव्हतं. प्रेशर कमी पडतं म्हणाले.
शेवटी दस्तगीर. त्याचे पैसे मी घरी न्यायचे,
तो मोजायचा, एक नोट माझ्यापुढं सरकवायचा.
आता टाक्या तीन आहेत, तीन रंगांच्या.
कुणी कुणाला अडवत नाही.
कुणी कुणाकडं जातही नाही.

रहिमतपूरच्या रस्त्याला भरती अकॅडमी निघाली आहे.
पहाटे साडेचारला पोरं घोषणा देत पळतात,
माझ्या खिडकीच्या काचा वाजतात.
चांगली पोरं आहेत, गॅसची टाकी उचलून देतात.
हैबतीचा पणतू परवा मोबाईलवरून मान न काढता म्हणाला,
एकदा होऊनच जाऊ द्या, काकू.
मी म्हटलं, काय?
तो म्हणाला, युद्ध.
जसं काही लाईट येऊ दे म्हणावं.

रस्ता रुंद करताना शाळेपुढचा दगड हरवला.
नवा बसवायचा म्हणून ग्रामसभा झाली.
गावाला मिळून आठच नावं आठवली.
मग माझ्याकडं आले, रिटायर झाले तरी.
रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेलेली, नियमानं.
तरी मी तीन नावं सांगितली: भिवा मदने,
ज्ञानू सुतार, आणि दस्तगीर.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं,
दोन फलक करा ना, दोन आळ्यांत दोन.
बऱ्याच माना हलल्या.
सटवाची नात उठून उभी राहिली, बोलली नाही, बसली.
मग मुलाणी कुठल्या फलकावर,
यावर सभा तहकूब.

सरपंच रात्री घरी आले, कागद पेन घेऊन.
एकच फलक करतो, म्हणाले, पण क्रम सांगा,
पहिलं नाव कुणाचं?
मी म्हटलं, क्रम नव्हता.
येईल तो बसायचा.
त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.
असं कसं चालेल, बाई, म्हणाले,
कुणीतरी आधी बसतच असेल की.