फेस पांढरा होईपर्यंत

दस्तगीरभाईंचा नियम एकच:
फेस पांढरा होईपर्यंत
कोटिंगच्या बाटलीला हात लावायचा नाही.

वारज्याच्या सर्व्हिस रोडला पत्र्याची शेड,
साडेआठला टँकर येतो, नऊला पत्रा तापतो.
मी विटेवर बसतो. स्टूल आहे,
पण स्टुलावरून टायरचा खालचा अर्धा भाग
दिसल्यासारखा वाटतो, दिसत नाही.

आज ढमढेरे बाईंची गाडी.
राखाडी, सेकंडहँड, पाडव्याला घेतलेली.
टायर काळेभोर, नवरदेवाच्या बुटांसारखे.
भाई त्यावर बोट फिरवतात, बोट माझ्यापुढे धरतात:
"तेल आहे हे, नागू. यावर कोटिंग काय धरणार?
माशी बसली तरी घसरेल."

फवारा मारायचा. थांबायचं,
पण सुकू द्यायचं नाही.
एवढं शिकायला मला अख्खा एप्रिल लागला.
मग ब्रश, राठ केसांचा,
कंपनीच्या नावाच्या उठावदार अक्षरांभोवती,
रिमच्या कडेला, जिथे कोणी वाकून बघत नाही.
फेस तपकिरी.
तपकिरी म्हणजे टपरीवरच्या पातेल्याचा तळ,
सकाळपासून न विसळलेला.
पाणी. पुन्हा फवारा.
आता गुळाच्या पाण्यासारखा.
पुन्हा.

तिसऱ्या खेपेला वास सुटतो
आणि माझा हात थांबतो.
स्वस्त सिलिकॉन, पाच लिटरचा निळा कॅन,
त्यात ओतलेला खोटा मोगरा.
हा मोगरा मी ओळखतो.
वाघोलीच्या पुढे, जुन्या गाड्यांच्या यार्डात
दोन वर्षं मी हाच लावत होतो.
तिथे धुवायचं नसायचं, नुसतं लावायचं.
धुळीवर, चिखलावर, कालच्या थरावर आजचा थर.
शेठ म्हणायचा, गिऱ्हाईक आधी टायरला लाथ मारतं,
मग किंमत विचारतं.
लाथ मारताना चमक दिसली पाहिजे.

यार्ड मी सोडलं पाडव्यानंतर.
पटत नव्हतं म्हणून वगैरे नाही,
सणाच्या दिवसाचा पगार कापला म्हणून.

पाचव्या खेपेला फेस पांढरा.
टायर आता काळा राहिलेला नाही.
करडा, कोरडा,
अंघोळ करून उन्हात बसलेल्या म्हाताऱ्याच्या टाचेसारखा,
आणि टाचेसारख्याच भेगा,
बारीक, एकीला लागून एक.
खाली छोट्या लांबट चौकटीत चार आकडे:
दोन, तीन, एक, चार.
चौदा सालचा तेविसावा आठवडा.

बाई बाकावर भूगोलाचे पेपर तपासतायत.
त्यांना कोणीतरी सांगितलं असणार,
टायर मागच्याच वर्षी टाकलेत.
कोणीतरी म्हणजे काय,
हे वाक्य आम्ही सगळ्यांना सांगायचो.

भाई पांढरा पंचा टायरवरून फिरवतात,
पांढराच निघतो. खूश होतात.
"घे आता बाटली."
"भाई, तारीख बघा."
गुडघा धरून ते खाली बसतात.
भेगेत नख घालून बघतात. नख जातं.
अकराशे रुपयांचं काम.
बाटलीचं उघडलेलं बूच ते परत लावतात,
जरा जास्तच घट्ट.
"जा, तूच सांग. फेस तू काढलायस."

मी जातो. बाई मान वर करत नाहीत,
कोणीतरी दख्खनचं पठार चुकवलंय.
"बाई, पेन जरा ठेवता का खाली?"

त्या येतात, साडी सावरून माझ्या विटेवर बसतात,
लाल शाईच्या बोटाने आकडे वाचतात,
एकदा, मग पुन्हा उलटे.
रागावत नाहीत. नुसतं विचारतात,
"तुला कसं रे कळलं, नुसत्या वासावरून?"

म्हणजे वासाचंही मी बोलून गेलो होतो.

हात तीनदा धुतले होते. नखांत तपकिरी होतंच.
भाई मोटार बंद करतात, शेडमध्ये एकदम शांत होतं.
मी बादली उचलून
गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो.
तीन टायर राहिलेत. कोटिंग होवो न होवो,
तारखा तर वाचाव्या लागतील.