कोर्ट उठेपर्यंत

रकाना बारा, पोटभाग ब.
आपल्याला कधी अटक, खटला, दंड, शिक्षा?
उत्तराला जागा दीड इंच.
वर ठळक अक्षरांत ताकीद :
माहिती दडवल्यास अपात्र.
दिल्यास काय, ते लिहिलेलं नाही.

बाबा म्हणाले, नाही लिही.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांची चौतीस वर्षं,
रोज गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे,
काडेपेटीसुद्धा कधी निघाली नाही.
दहा वर्षांपूर्वीचं कोण बघतंय, म्हणाले,
आणि चष्मा काढून
पुसत बसले बनियनच्या टोकाला.
मी हो लिहिलं.

अठरा ग्रॅम गांजा.
वेताळ टेकडीवर, खाणीच्या कडेला,
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी.
पंचनाम्यात माझी ओढणी पोपटी आहे,
ती मोरपंखी होती.
तेवढं सोडलं तर सगळं खरं आहे.

निरंजन पंचवटीच्या बाजूनं पळाला.
चांगला पळायचा.
आज त्याच्या अर्जात नाही आहे
आणि ते खोटं ठरत नाही.
मी चप्पल शोधत राहिले.

शिवाजीनगरला वकीलबाई म्हणाल्या, कबूल कर,
तारखा मोजत बसण्यापेक्षा सुटशील.
पाच हजार दंड
आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.
म्हणजे बाकावर बसायचं.
बसले. शेजारी एक बाई पदरात शेंगा सोलत होती,
पंखा दर फेरीला एकदा अडखळत होता.
पावणेसहाला न्यायाधीश उठले, पट्टेवाला उठला,
शिपाई म्हणाला, जा आता पोरी.
हे कोणी बोललं नाही
की कुठल्या कुठल्या कागदांत
कोर्ट अजून बसूनच असतं.

पाषाणच्या प्रयोगशाळेत जी जागा आहे
तिथं स्फोटकं तोलायची असतात,
मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत,
तराजूची काच लावून, श्वास धरून.
मला ते येतं.
फार चांगलं येतं.

चौकशीला हवालदार बोत्रे आले सुतारवाडीत.
आधी खालच्या किराणावाल्याला विचारलं,
मग घाणेकर काकूंना,
ज्यांना आजवर काहीच ठाऊक नव्हतं.
मग आमच्याकडे. पाणी प्यायले.
निकालाची प्रत उलटसुलट पाहिली.
किती होता?
अठरा ग्रॅम.
म्हणजे बेसनाचा अर्धा लाडू, ते म्हणाले,
आणि हसू मिशीत दाबून लिहिलं :
अर्जदाराने स्वतःहून माहिती दिली.
शेऱ्याची ओळ मोकळी सोडली.
ती साहेब भरतात.
साहेबांच्या वर आणखी साहेब, दिल्लीत.

त्याला सात महिने झाले.
संकेतस्थळावर रोज एकच शब्द, विचाराधीन.
घाणेकर काकू विरजण मागायला येत नाहीत,
जिन्यात भेटल्या की
माझ्या डोळ्यांत बघतात, लाल आहेत का म्हणून.
असतात कधीकधी. झोप नसते.

काल आईनं बेसनाचे लाडू वळले.
बाबांनी एक उचलला,
तळहातावर जरा वेळ तोलला
(त्या दिवशी ते आतल्या खोलीत होते,
झोपलेत असं मला वाटलं होतं)
आणि काही न बोलता
अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.