उलटे आकडे

डॉक्टर सोजतिया म्हणाले, मी आकडे सांगतो, तू उलटे म्हण.
सात, दोन, नऊ.
नऊ, दोन, सात, म्हणाला श्रीनंद.
चार, एक, आठ, सहा.
त्यानं पंख्याकडे पाहिलं.
सहा, म्हणाला. आठ. मग
हसला, पाहुण्यांसमोर हसतात तसं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर मी, त्याचा मामा,
ओठ मिटून म्हणून टाकलं : सहा, आठ, एक, चार.
पुढचे पाच आकडेही. त्यापुढचे सहाही.
माझं सगळं जागेवर.
मी तिशीत सुरू केली होती.

रामबागेत कुणाची स्कूटर दारात आडवी लागली
की लोक या पोराला हाक मारायचे.
नऊ वर्षांचा. नंबर बघून सांगायचा,
ही मुजुमदारांची, ही दूधवाल्याच्या जावयाची,
ही आपल्या गल्लीतली नाहीच.

मग ती रंगपंचमी. गेर राजवाड्याकडे वळलेली,
टँकरमधून गुलाबी पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत,
आणि मी, नखशिखांत निळा,
ठंडाईचा ग्लास पुढे केला : घे रे, आज चालतं.
चौदावं होतं त्याला.
ग्लासात हिरवं काय आहे ते त्याला ठाऊक होतं.
त्यानं आधी आईच्या दिशेनं पाहिलं, मग माझ्या.

एका ग्लासानं काही होत नाही.
हे मीच म्हटलंय, ताईला, बायकोला, दाढी करताना आरशाला.
पुढचं त्याचं त्यानं शोधलं :
भंवरकुआंच्या क्लासमागची गच्ची, पुडी,
तंबाखू काढून पोकळ केलेली सिगारेट,
दोन वर्षं, रोज.

डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे एक डोकं काढलं,
कपाळामागे रेघोट्या मारल्या.
इथलं काम पंचविशीपर्यंत चालू असतं, म्हणाले.
सगळ्यांनाच होतं असं नाही.
किती भरून येईल, आत्ता सांगत नाही.
सोडलंय ना, ते बरं.
ताई म्हणाली, म्हणजे काय हो?
ते पुन्हा सांगू लागले, पण मला कळलं होतं.
मी वायरमन. बत्तीस वर्षं घरं जोडतोय.
तारेवर रबर चढायच्या आत
कुणी मेन टाकला
तर दिवे लागतात, लागत नाहीत असं नाही.
वेळ घेतात.
आणि हॉलचं बटण दाबावं तर
कधी न्हाणीघर उजळतं.

खाली आलो. पार्किंगमध्ये शंभरेक गाड्या,
एमपी शून्य नऊ, एमपी शून्य नऊ.
ताई फळवाल्यापाशी थांबली.
श्रीनंद दोन ओळींच्या मधे उभा.
एका सीटवर हात ठेवला, काढून घेतला.
माझी गाडी त्याच्यापासून चौथी.
किल्ली मुठीत गरम झालेली.
मी खोकलोसुद्धा नाही.

मामा, म्हणाला, तुझ्या नंबरात शेवटी सात आहे ना?
आहे.
त्याच्या आधीचा सांगू नकोस.