जिभेला चिकटते ती

सायखेड्याच्या पुलाखाली
टर्लेकाकूंनी ढेकूळ फोडलं,
त्यातली खपली जिभेच्या टोकाला लावली
आणि हात सोडून दिला.
खपली पडली नाही.
"ही घ्या. वरची नका नेऊ, तिच्यात नुसता गाळ.
जिभेला चिकटते ती खरी.
आमच्याकडं बाया हिनंच केस धुवायच्या,
तेलाचा थेंब ठेवत नाही."

मी वहीत लिहिलं: नमुना सात, डावा काठ, खोली दीड हात.
जिभेसाठी रकाना नव्हता.

कॉलेज रोडवरच्या प्रयोगशाळेत तिला भिजत घातलं.
वाळू लगेच खाली बसली,
ती तीन दिवस ताकासारखी तरंगत राहिली.
"मॅडम, हिला घाई नाही," खैरनार म्हणाले.
घाई मला होती.
मार्चअखेर प्रबंध.

क्ष-किरणांखाली कळलं, ही सगळी पापुद्रेच आहे.
टम्म भाकरीचा सुटतो तसा एक,
त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी,
ऐंशी हजार रचावेत तेव्हा एका केसाची जाडी.
(काकूंचे केस आठवले. पांढरे, पण दाट.)
दोन पापुद्र्यांच्या फटीत पाणी
आणि थोडं कॅल्शियम, पाहुण्यासारखं,
म्हणजे दुसरं कुणी आलं की उठून जागा देणारं.

एक ग्रॅम माती पूर्ण उलगडून अंथरली
तर मागचं व्हॉलीबॉलचं मैदान चारदा झाकेल.
एवढं अंग घेऊन
ती काचेच्या बशीत बसलेली,
तपकिरीच्या चिमटीएवढी.

निळं पाणी ओतलं, हलवलं.
पाणी नितळ झालं, माती निळी.
याला अधिशोषण म्हणतात, मी खैरनारांना सांगत होते,
शोषण नव्हे.
शोषण म्हणजे आत ओढून घेणं,
अधिशोषण म्हणजे, म्हणजे,
अंगावर घेणं.
ते पिपेट धूत होते, वळले नाहीत.
"अंगावर घेणं. ते कळतं."

मग आम्लात उकळली, चार तास.
लोखंड सुटलं, पाणी पिवळं झालं.
कडा झिजल्या, बारीक भोकं पडली
आणि झिजली तसा अंगाचा आकडा चौपट झाला.
हे मी दोनदा मोजलं.

शनिवारी पहिल्यांदा तिला कामाला लावलं.
चंबूत व्हिनेगरमधलं ते आम्ल आणि एक उग्र अल्कोहोल,
दोघं एरवी तासन्‌तास शेजारी राहून एकमेकांना न ओळखणारे.
तिच्या अंगावर टेकले, भेटले, निघून गेले.
पिकल्या केळ्यांचा वास जिन्यापर्यंत गेला.
वॉचमन वर येऊन म्हणाला, प्रसाद आहे का काही?

ब्याऐंशी टक्के.
गाळली, धुतली, वाळवली, पुन्हा: एक्याऐंशी.
पुन्हा: अठ्ठ्याहत्तर.
पाचव्यांदा एकसष्ट.

अकरावीच्या पुस्तकात होतं,
उत्प्रेरक क्रिया घडवतो, स्वतः बदलत नाही.
ते लिहिणाऱ्यानं तिला पाचव्यांदा पाहिलं नसावं.
काळवंडलेली, येणाऱ्याजाणाऱ्यानं
थोडं थोडं काही मागं ठेवून गेलेलं,
बसायला जागाच उरलेली नाही.
"भट्टीत ठेवा रात्रभर," खैरनार म्हणाले,
आणि स्वतःच ठेवून आले.

सकाळी फिकट होऊन निघाली.
सत्त्याहत्तर.
सरांनी तक्त्याखाली लिहिलं: क्रियाशीलता पूर्ववत.
मी खोडून 'जवळजवळ' घातलं.
त्यांनी ते खोडलं.
मी परत घातलं. अजून तिथंच आहे.

रात्री सातव्या नमुन्याची पुडी उघडली.
यंत्रातून न गेलेली, आम्ल न पाहिलेली एक खपली,
प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये
हे भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं.
जिभेच्या टोकाला लावली. हात सोडला.

तेवढ्यात दारातून आवाज आला,
"मॅडम, दिवे घालवू का?"

बोलता येईना.
नुसती मान हलवली.